श्वासाचे केळशीकर

केळशीकर सरांच्या हिशेबात जगात माणसं दोनच प्रकारची होती. श्वास घेणारी आणि नुसतीच हवा आत-बाहेर करणारी. पहिल्या प्रकारात ते स्वतः मोडत. दुसऱ्यात उरलेले सगळे, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, आम्ही शिक्षक, शाळेचा शिपाई, लोणावळ्याचे स्टेशनमास्तर आणि दर मे महिन्यात हवापालटासाठी मुंबईहून येणारी झाडून सगळी मंडळी.

सत्तर साल जवळ आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. सर आमच्या शाळेत ड्रिल घेत आणि मी गणित शिकवत असे. मुलं त्यांना पाठीमागे 'भाता' म्हणत, कारण त्यांची छाती लोहाराच्या भात्यासारखी फुगायची. फुगली की कोटाचं मधलं बटण ताणून उभं राहायचं. ते बटण कधीमधी सुटून समोरच्याला लागतं असं मुलं सांगत. मी ते पाहिलेलं नाही, पण त्या बटणाचा दोरा दर महिन्याला वेगळ्या रंगाचा असायचा एवढं खरं.

माणूस भेटला की लोक नमस्कार करतात. सर दोन बोटं जोडून समोरच्याच्या बरगड्यांखाली पोटात खुपसत. "इथून! इथून घ्या श्वास. वरच्या वर काय घेता चोरासारखा?" पोस्टातले कारकून, मारुतीच्या देवळातले गुरव, मांडवात मुंडावळ्या बांधून बसलेला नवरदेव, कोणीही यातून सुटलं नव्हतं.

एकदा शिक्षण खात्याचे तपासनीस आले. देह भारी, जिना उभा. शिक्षकांच्या खोलीत पोहोचेपर्यंत साहेबांना धाप लागली होती. आम्ही उभे राहिलो, कुणी खुर्ची पुढे केली, आणि सरांनी बोटं खुपसली. पुढचं बोलणं गडबडीत आम्हाला नीट ऐकू आलं नाही. मुख्याध्यापक चहा घेऊन आत आले तेव्हा साहेब आमच्या मोठ्या टेबलावर उताणे पडलेले होते, त्यांच्या पोटावर जगाचा नकाशासंग्रह ठेवलेला होता आणि सर सांगत होते, "पुस्तक वर गेलं पाहिजे साहेब. आफ्रिका हलली पाहिजे." साहेब निमूटपणे आफ्रिका हलवत होते. शेऱ्यात त्यांनी शाळेचं शारीरिक शिक्षण समाधानकारक असल्याचं लिहिलं. मात्र पुढची सगळी वर्षं त्यांनी आमच्या शाळेची तपासणी तळमजल्यावरूनच उरकली.

पावसाळ्यात शाळेच्या खिडक्या बंद करायला सरांची मनाई असे. धुकं वर्गात येऊन बसायचं. मागच्या बाकांवरची मुलं दिसायची नाहीत, हजेरी आवाजावर घ्यावी लागायची. कपाटात ठेवलेले माझे गणिताचे पेपर ओले होऊन शाई पसरायची आणि सहाचा आठ व्हायचा. त्यावरून मी एकदा तक्रार केली तर सर म्हणाले, "बाई, मुलं गणितात नापास झाली तर पुन्हा बसतील. फुप्फुसात नापास झाली तर?" मी पेपर उचलले आणि वाळवायला घरी नेले.

डॉक्टर मंडळींवर त्यांचा विशेष राग. ज्यांचा श्वास चुकला त्यांच्या जिवावर डॉक्टर नावाची जमात पोसली जाते, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ते बाजारात, डॉक्टर रेग्यांच्या दवाखान्यासमोर उभे राहून मांडत. रेगे हे गावातले जुने डॉक्टर, तेही काही कमी नव्हते. खिडकीतून ते म्हणायचे, "केळशीकर, जरा बाजूला व्हा. माझ्या पेशंटची हवा अडते." दोघं एकमेकांशी एवढंच बोलत.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब. चिक्कीचं मोठं दुकान आणि भाड्यानं द्यायचे चार-सहा बंगले. लोणावळ्याची हवा हेच लोणावळ्याचं खरं भांडवल, असं ते प्रत्येक भाषणात सांगायचे. ते भांडवल मुख्यतः त्यांच्या बंगल्यांभोवतीच गुंतलेलं होतं. त्यातल्याच एका बंगल्याचा माळी कोंडिबा. राजमाचीच्या वाटेवरच्या ठाकरवाडीतून बायको-पोरीला घेऊन तो खाली आला होता आणि बंगल्यामागच्या पत्र्याच्या खोलीत राहत होता. त्याची मुलगी चंद्रभागा, म्हणजे चंद्री, जून महिन्यात आमच्या पाचवीत दाखल झाली.

पावसामुळे ड्रिलचा तास वरच्या दालनात होता. सरांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "श्वास घ्या!" आणि त्या शांततेत एक बारीक शिट्टी वाजली. "सोडा!" पुन्हा वाजली. सरांनी डोळे उघडले. "शिट्टी कुणाकडे आहे?" दप्तरं उलटी झाली. एका मुलाकडे खरोखरच शिट्टी सापडली, त्याला बिचाऱ्याला कोपऱ्यात उभं केलं गेलं. पुन्हा "श्वास घ्या!" आणि पुन्हा शिट्टी. सर रांगेतून कान देत देत चंद्रीपाशी येऊन थांबले.

"काढ शिट्टी."

"न्हाई निघत सर," चंद्री म्हणाली. "ती आत हाय."

दुसरा कुणी असता तर त्याला वाईट वाटलं असतं. सरांना आनंद झाला. आयुष्यभर ते ज्याच्या शोधात होते तो चुकीचा श्वास इतक्या मोठ्यानं चुकताना त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

मग रोज मधल्या सुट्टीत चंद्रीची शिकवणी सुरू झाली. बाकीच्या मुली लंगडी खेळायच्या आणि चंद्री भिंतीला पाठ लावून उभी असायची. "मान ताठ! छाती पुढे! पोटातून!" मुलगी आज्ञाधारक होती. सांगतील ते सगळं करायची. डोळे मोठे करून, मुठी वळून, सगळ्या अंगानं ती श्वास ओढायची आणि घामाघूम व्हायची. दिवाळीनंतर सरांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, "फरक आहे." आम्हाला ती पूर्वी वाजत होती तशीच वाजताना ऐकू यायची, पण एवढ्या खात्रीनं बोलणाऱ्या माणसापुढे आपल्या कानांवर कोण भरवसा ठेवणार?

बाकीच्यांनीही कसूर केली नाही. गावचे वैद्यबुवा म्हणाले, कफ आहे. डॉक्टर रेगे म्हणाले, दमा आहे, आणि सुई टोचली. अण्णासाहेबांच्या मते गूळ-शेंगदाण्यानं घसा मोकळा होतो, सबब त्यांनी चिक्कीचा एक पुडा पाठवला. त्याबरोबर कोंडिबाला निरोपही होता: हंगामात पोरीला मागच्या खताच्या खड्ड्याकडे बसवत जा. कारण हवा खायला आलेल्या पाहुण्यांना अंगणातून येणारा तो आवाज खपत नसे. एका बाईंनी तर अर्धं भाडं परत मागितलं होतं म्हणे.

जानेवारीत शाळेचं संमेलन आलं. एक माननीय पाहुणे यायचे होते. सरांनी सामुदायिक दीर्घश्वसनाचा कार्यक्रम बसवला आणि पहिल्या रांगेत, बरोबर पाहुण्यांच्या समोर, चंद्रीला उभं केलं. आपल्या पद्धतीनं काय साधतं ते जगाला दिसावं हा हेतू. मुलीला दोन दिवस सर्दी होती. ती काही बोलली नाही. बोलली असती तरी उपयोग झाला असता असं नाही.

"श्वास घ्या!" सरांनी आवाज दिला. चंद्रीनं घेतला. मैदानभर शिट्टी घुमली. पाहुण्यांनी कौतुकानं मान हलवली, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला शिट्टी बारीक होत गेली आणि मग बंदच झाली. चंद्री गुडघ्यांवर आली. ओठ जांभळासारखे निळे. तोंड उघडं, पण आवाज नाही.

सर मंचावरून उडी टाकून तिच्यापाशी गेले. मीही धावले. पाहुणे मागून म्हणाले, "थंडी लागली असेल. कांदा हुंगवा." सरांनी तिला बसतं करून पुढे झुकवलं. तिचं सगळं अंग श्वास ओढत होतं. गळ्याखालची खळगी इतकी आत जात होती की तिच्यात लिंबू मावलं असतं. बरगड्यांमधली कातडी आत खेचली जात होती, पोट पाठीला लागत होतं. सर ते बघत राहिले. थोड्या वेळानं शिट्टी परत सुरू झाली आणि ओठांचा निळेपणा हळूहळू उतरला.

"बाई," सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही चुकत नाहीये. मी जे सांगतो ते सगळं ही जीव तोडून करते आहे. आत जायला वाटच नाही हिला."

आणि पोरीला उचलून ते चालायला लागले ते थेट डॉक्टर रेग्यांच्या दवाखान्यात. रस्त्यातले लोक थांबून बघत होते. मुलीकडे नव्हे, सर त्या पायऱ्या चढतात की काय याकडे.

आत जे झालं ते भांडणच होतं. रेगे म्हणाले, "सहा महिने पोरीचा व्यायाम घेतलात, मला विचारलंत?" सर म्हणाले, "तुम्ही दम्याच्या सुया टोचल्यात, मला विचारलंत?" मुलीचं जास्त नुकसान कुणी केलं यावर दोघांचा वाद होता आणि प्रत्येकाला तो मान दुसऱ्याला द्यायचा होता. शेवटी मीच म्हटलं, "आधी तिला तपासा." रेग्यांनी नळी छातीला लावली, पाठीला लावली. नेहमी ते तिथेच थांबत. या वेळी त्यांनी ती गळ्याच्या खळगीवर ठेवली आणि बराच वेळ उचलली नाही.

"दमा छातीत खाली वाजतो, श्वास सोडताना," ते म्हणाले. "हे वर वाजतंय. घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा." मग खुर्चीत बसून म्हणाले, "केळशीकर, हे माझ्या आवाक्यातलं नाही."

"माझ्याही," सर म्हणाले.

दोघांचं एकमत झाल्याची ही पहिलीच वेळ. कंपाउंडर इतका गोंधळला की न सांगताच चहा घेऊन आला.

मुंबईच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात रेग्यांचा वर्गमित्र छातीची ऑपरेशनं करायचा. रेग्यांनी त्याला ट्रंककॉल लावला. लाईन खराब होती म्हणून ते ओरडून बोलले, आणि टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुलीनं मधले न ऐकू आलेले शब्द दोन्ही बाजूंना परत सांगितले. त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्या लोणावळ्याला कळलं की माळ्याच्या पोरीची श्वासनलिका जन्मतःच अरुंद असावी. गावातल्या निम्म्या लोकांनी आपल्याला ते आधीपासूनच वाटत होतं असं सांगितलं.

आई-बापाला विचारायला सर गेले, तेव्हा मी बरोबर होते. बंगल्यात थंडीसाठी आलेले पाहुणे पत्ते खेळत होते. मागच्या खोलीत कोंडिबा उंबऱ्यात बसला होता.

"गुर्जी, गळा कापायचा म्हंता?"

"गळा नाही. आतली नळी."

"नळीपातूर जायाला गळाच कापाया लागल ना?"

सरांनी मान डोलावली.

"जलमल्यापसनं वाजती पोरगी," कोंडिबा म्हणाला. "वाजती, पर जगती. तितं नेली आन् वाजायचीच थांबली तर?"

चुलीपुढून चंद्रीची आई ठकूबाई उठली. "सर, ती निजंत बी दमती," ती म्हणाली. "निजल्यावं माणूस इसावा घेतं. ही निजंत बी राबती. उठती तवा समदी भिजल्याली आसती. मला न्हाई बघवत आता. न्या तिला." मग नवऱ्याकडे वळून, "तुमी बी जावा. झाडास्नी पानी घालाया मी हाय."

अण्णासाहेबांनी 'आता पाहुण्यांच्या वेळेला माळी कसा सोडायचा' असं विचारलं होतं. त्याचं उत्तर ठकूबाईनं परस्पर देऊन टाकलं.

चंद्री कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "सर, मंग मला लंगडी खेळता यील?"

सर तिच्यासमोर उकिडवे बसले. "मला माहीत नाही, बाळ," ते म्हणाले.

मुलीबरोबर बाई माणूस पाहिजे असा मुख्याध्यापकांनी नियम काढला, म्हणून मीही मुंबईला गेले. तिथे आठवडाभर तपासण्या चालल्या. एक्स-रे काढले, घशातून दुर्बीण घालून पाहिलं. मग सर्जननी, म्हणजे रेग्यांच्या वर्गमित्रांनी, आम्हाला बोलावलं. लहानखुरे, हळू बोलणारे गृहस्थ. श्वास मात्र खांद्यातून घेत होते. सरांची दोन बोटं मांडीवर वळवळताना मला दिसत होती, पण त्यांनी ती दाबून ठेवली.

सर्जननी कागदावर नळी काढली. श्वासनलिकेत कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, कड्या असतात, पण त्या पुऱ्या गोल नसतात, घोड्याच्या नालासारख्या मागून उघड्या असतात. चंद्रीच्या नळीत मधल्या थोड्या कड्या जन्मतःच पूर्ण गोल आणि बारीक होत्या. मुलगी वाढली, तेवढा तुकडा मात्र अरुंदच राहिला. "तो कापून काढायचा आणि वरचं टोक खालच्या टोकाला शिवायचं," ते म्हणाले.

"आणि कापलेल्या वेळात ती श्वास कसा घेणार?" सरांनी विचारलं.

"खालच्या टोकात आम्ही वेगळी नळी घालतो. भूल देणारे डॉक्टर पिशवी दाबत राहतात."

"म्हणजे श्वास ते घेणार. हिच्या वतीनं."

"तसंच."

सरांना हे पचायला वेळ लागला. कोणी दुसऱ्याच्या वतीनं श्वास घेऊ शकतो ही शक्यता त्यांच्या शास्त्रात नव्हती.

"हे ऑपरेशन आम्ही फार कमी जणांवर केलंय," सर्जन कोंडिबाकडे बघून म्हणाले. "इतक्या लहान मुलावर तर त्याहून कमी. धोका आहे. नाही केलं तर मात्र पुढची एखादी मोठी सर्दी हिला सोसणार नाही. मी खोटी खात्री देत नाही."

कोंडिबानं विचार केला. "आतापातूर समद्यांनी खात्रीच दिली," तो म्हणाला. "तुमी करा."

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. सर सरळ बसले होते, पण श्वास पोटातून नव्हता. खांदे वर-खाली होत होते, कोणत्याही सामान्य माणसासारखे. कोंडिबानं तांब्या पुढे केला. "गुर्जी, पानी प्या. तुमालाच काय व्हयल." सर पाणी प्यायले. जेवणवेळ टळून गेली तेव्हा सर्जन बाहेर आले, टोपी काढली, म्हणाले, "जोडली गेली. आता ताण पडता कामा नये." आणि तो कसा पडू द्यायचा नाही हे आम्हाला दुसऱ्या दिवशी वॉर्डात दिसलं.

चंद्रीची हनुवटी जाड दोऱ्याच्या टाक्यांनी छातीला बांधून ठेवली होती. मान वर केली तर शिवलेली नळी ताणली जाईल, म्हणून जखम धरेपर्यंत मान खालीच. डोक्यामागे उशा. पोरीला फक्त स्वतःची मांडी आणि चादर दिसायची.

आयुष्यभर मुलांना 'मान ताठ' म्हणून ओरडलेला माणूस त्या खाटेशेजारी स्टुलावर बसून सांगत होता, "मान खाली, चंद्रे. वर बघायचं नाही. अजिबात नाही." हे सांगताना त्यांचा आवाज इतका हळू यायचा की नर्सबाईंना ते दुसऱ्या कुणाशी बोलतायत असं वाटायचं.

चंद्रीला बोलायची मनाई होती, पण ती बोटानं वर खूण करायची. वॉर्डात काय चाललंय ते सांगा. सर सांगायचे. "एक बाई आल्यात. वरवर श्वास घेतात. त्यांच्या मागून एक म्हातारे आहेत, त्यांचा बरा आहे." चंद्री हात झटकायची. तिला बाईचं लुगडं कसं आहे, म्हाताऱ्यानं काय आणलंय ते हवं असायचं. ते मला सांगावं लागे.

एके दिवशी वॉर्डात धावपळ झाली. पायपुसणी बदलली, खाटांवर नव्या चादरी आल्या. कुणी मोठे साहेब फळं वाटायला येणार होते. ते आले, मागे हार, फोटोवाला आणि बरीच मंडळी. उठता येईल ते सगळे रोगी उठून बसले. साहेब चंद्रीच्या खाटेपाशी आले, मोसंबं पुढे केलं. ती मान खाली घालून बसलेली. साहेबांनी वाट पाहिली. मग ते गहिवरले.

"बघा," ते मंडळींकडे वळून म्हणाले, "याला संस्कार म्हणतात. शहरातली मुलं नजरेला नजर देतात. खेड्यातल्या या मुलीनं एकदासुद्धा मान वर केली नाही. ही नम्रता आपण जपली पाहिजे."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्यानं फोटो काढला.

"साहेब," केळशीकर सर म्हणाले, "ते टाके आहेत."

"काय आहेत?"

"टाके. हनुवटी छातीला शिवलेली आहे. काढले की बघेल वर."

साहेब पुढच्या खाटेकडे गेले. मोसंबं चंद्रीला खायची परवानगी नव्हती, ते कोंडिबानं खाल्लं.

टाके काढले त्या दिवशी सर्जन स्वतः आले. "हळू," ते म्हणाले. चंद्रीनं मान उचलली. आधी सर्जनचा कोट, मग कोंडिबा, मग सर, मग मी, असं एकेकाला तिनं वर येत येत बघितलं. आम्ही सगळे कान देऊन उभे. काहीच ऐकू आलं नाही. तिचाही चेहरा घाबरा झाला. तिनं गळ्याला हात लावला.

"सर," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी वाजत न्हाई."

"नाही वाजत."

"मंग मी श्वास घेती का?"

सरांनी तळहात तिच्या नाकासमोर धरला. तो त्यांनी बराच वेळ धरून ठेवला. "घेतेस," ते म्हणाले. मग उठून बाहेर गेले आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. मागाहून कोंडिबाही गेला. दोघं तिथे शेजारी शेजारी उभे असलेले मी पाहिले.

इस्पितळातून निघताना मात्र सरांना आवरलं नाही. "डॉक्टर, एक सांगू? तुम्ही खांद्यातून श्वास घेता," असं म्हणून त्यांनी बोटं खुपसलीच.

"ठाऊक आहे," सर्जन म्हणाले. "तुमच्या मुलीची नळी शिवताना तर घेतच नव्हतो."

लोणावळ्यात सत्कार झाला. अण्णासाहेबांनी व्यासपीठावर चंद्रीला शेजारी बसवलं आणि ऑपरेशननंतर पोरगी इतक्या लवकर सुधारली ती आपल्या बंगल्याच्या हवेमुळे, असं भाषण केलं. वैद्यबुवांनी आपल्या काढ्यानं नळी आधीच मऊ पडली होती असं सांगितलं. रेगे काहीच बोलले नाहीत, म्हणून लोकांना ते खट्टू झाल्यासारखे वाटले. मग सरांना बोलायला उभं केलं. "मी सहा महिने या मुलीला चुकीचं शिकवलं," ते म्हणाले. "तिचा जीव गेला नाही एवढंच." आणि खाली बसले. सभेनं टाळ्यांचा कडकडाट केला. बाहेर पडताना अण्णासाहेब मला म्हणाले, "काय विनय आहे माणसाचा!"

ठकूबाईची मात्र वेगळीच पंचाईत झाली होती. मी भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "बाई, धा वर्सं तिच्या आवाजावं निजले मी. आता पोरगी गपगार निजती आन् माझा डोळा लागत न्हाई. उठून उठून बघती. मरनाची गोड निजल्याली आसती बया." आणि तोंडाला पदर लावून हसली.

सर सुधारले का? फारसे नाही. बोटं खुपसणं चालूच राहिलं, खिडक्या उघड्याच राहिल्या. फरक एवढाच की एखाद्या मुलाला ओरडण्याआधी ते आता त्याच्या गळ्याशी कान लावत, आणि जरा शंका आली की त्याला रेग्यांकडे पिटाळत. टॉन्सिलवाले गेले, नाक चोंदलेले गेले, नाकात चिंचोका घातलेला एक गेला. रेगे वैतागून खिडकीतून ओरडायचे, "केळशीकर, तुम्ही माझा धंदा बसवायला निघाला होतात ते बरं होतं हो!"

पुढे सहा-सात वर्षांनी माझी बदली झाली. गाव सोडताना सर स्टेशनवर पोचवायला आले. आता ते निवृत्त झाले होते. मे महिना होता आणि ठाकरवाडीच्या बाया करवंदांच्या पाट्या घेऊन गाडीवर आल्या होत्या. त्यांत चंद्री होती, अंगानं भरलेली, डोक्यावर पाटी, "करवंदं घ्या, करवंदं!" ही तिची हाळी इंजिनापर्यंत पोचत होती. तिनं सरांना पानांचा द्रोण भरून दिला आणि माझा बांधायला बसली. इतक्यात गाडी हलली. मी खिडकीत, द्रोण अजून तिच्या हातात.

चंद्री गाडीबरोबर धावायला लागली. एका हातानं डोक्यावरची पाटी धरलेली, दुसऱ्या हातात द्रोण, आणि फलाटावरच्या ट्रंका, हमाल, चहावाले चुकवत ती सरांच्या अगदी अंगावरून पळत गेली. सरांचं लक्षच नव्हतं. त्यांनी एक करवंद तोंडात टाकलं होतं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं होतं.

"आंबट आहेत गं, चंद्रे!" ते मागून ओरडले.

"आंबट तर आंबट, गप खावा की!" तिनं पळता पळता मागे ओरडून सांगितलं, द्रोण माझ्या हातात कोंबला आणि फलाटाच्या टोकाला जाऊन थांबली. गाडी वळणाला लागली. मी खिडकीतून मागे बघितलं. चंद्री पाटी सावरत परत फिरली होती आणि सर तिथेच उभे राहून तोंड वाकडं करत दुसरं करवंद खात होते.